झुंबरबाईची माहेरची मिरची

मोताळ्याच्या बाजारात मिरचीच्या ओळीला झुंबरबाई आली की व्यापाऱ्यांच्या तोंडची बढाई थोडी कमी व्हायची. बाई काही भांडखोर नव्हती. अंगानं किरकोळ, लुगडं साधं, आवाजही मोठा नाही. पण तिचं नाक भारी होतं. ढिगासमोर उकिडवी बसायची, एक मिरची उचलून तिचा देठ मोडायची, मोडल्या जागी नाक लावायची आणि सांगून टाकायची, "ही दोन सालाची हाय. वरून पाणी मारलं."

व्यापारी म्हणायचा, "काय बोलून राह्यली बाई, परवाच मलकापूरले उतरली."

"उतरली असन परवा. झाडावरून कधी उतरली ते सांग."

लोकांचं काय, त्यांना मिरची म्हणजे मिरची. लाल दिसली, तोंड भाजलं, की काम झालं. झुंबरबाईला या अडाणीपणाचा मनापासून राग यायचा. गहू घेताना दाणा दाताखाली फोडून बघणारी शहाणी माणसं मिरची घेताना डोळे मिटून का घेतात, हे तिला आयुष्यभर कळलं नाही. तिच्या मते मिरचीकडे मागायच्या गोष्टी तीन. रंग, वास आणि झणका. तिन्ही एकीत भरपूर मागाल तर हात हलवत घरी जाल.

नागपूरकडची भिवापुरी आगगाडीनं मलकापुरात यायची. ती रोजच्या वरण-भाजीची. तिच्यात सगळं बेतशीर, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि तिच्यावाचून कोणाचं भागतही नाही. लवंगी करंगळीच्या पेराएवढी, झाडावर आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी. ती ठेच्याची. भाजीत घातली तर वांगं खाल्लं की भोपळा हे जिभेला समजत नाही. जाड सालीची बुटकी मिरची कुटायची नसतेच मुळी. ती हिरवी असताना चिरायची, पोटात धणे-मेथी-मीठ भरायचं, ताकात भिजवून उन्हात वाळवायची आणि पावसाळ्यात तळून खिचडीशी खायची. एकदा एका नव्या नवरीनं हीच जाडी मिरची स्वस्तात मिळाली म्हणून पायली भरून घेतली होती. झुंबरबाईनं तिला बाजाराच्या तोंडाशी गाठलं, परत आणलं, व्यापाऱ्याच्या ढिगात पायली उलटी केली आणि म्हणाली, "पोरी, उखळात नुसतं कातडं राहीन. सासूची बोलणी खाशीन." ना ओळख ना पाळख. पण तिचा स्वभावच तसा, चुकीची मिरची चुकीच्या घरी चाललेली तिला बघवायची नाही.

स्वतःसाठी मात्र ती बाजारातली मिरची कधीच घेत नसे.

तिची मिरची माहेरची होती. माहेर घाटावर, बीबीला. लग्न होऊन घाटाखाली आली तेव्हा तेरा वर्षांची होती. गाडीत बसताना मायनं तिच्या पदराला एक गाठ मारली. गाठीत मूठभर बी. "झुंबरे," माय म्हणाली, "या मिरचीले दुसऱ्या मिरचीचा शेजार देजो नोको. इचा वाफा एकटाच ठेवजो." का, ते माय बोलली नाही, आणि सासरच्या गाडीत रडत बसलेली पोर काही का म्हणून विचारत नसते.

ती मिरची बोटाएवढी लांब. वाळली की सालीला बारीक सुरकुत्या पडायच्या आणि रंग असा गडद यायचा की सावलीत काळी दिसावी. तिखट अगदी बेताची. तिचं चमचाभर तिखट तेलात पडलं की भाजी कुंकवासारखी लाल व्हायची, वास गल्लीच्या टोकाला जायचा, आणि चार वर्षांचं पोर ती भाजी पाणी न मागता खायचं. माय गेली तरी झुंबरबाईच्या चुलीवर रोज तिचा वास होता. ही गोष्ट ती कोणाला बोलून दाखवत नसे. मी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्या त्या वेड्यासारख्या जपण्यावरून झालं.

जपणं म्हणजे किती जपणं? हिरवी मिरची मागा, टोपलं भरून देईल. हिरव्यातलं बी कच्चं, ते उगवत नाही, हे तिला पक्कं माहीत. लाल आख्खी मिरची मात्र घराबाहेर एक जाणार नाही. कुटायच्या आधी ती एकेक मिरची फोडून बी काढायची, पुढच्या सालापुरतं मोजकं राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि उरलेलं सारं चुलीत टाकायची. त्या दिवशी अख्खी गल्ली खोकायची. दारापुढून जाणारा माणूस नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणायचा, "झुंबरबाईनं बी जाळलं वाटते." नवरा पुंजाजी गरीब माणूस. तो त्या दिवशी सकाळीच मोट धरायला मळ्यात निघून जायचा आणि दिवस मावळेपर्यंत परतायचा नाही.

शेजारच्या भिंतीपलीकडे धाकटी जाऊ रुखमाबाई राहायची. वाटणी झाल्यावर भिंत घातली, वरचं मातीचं सपाट धाबं मात्र दोन्ही घरांचं एकच राहिलं. वाटणीच्या दुसऱ्या साली रुखमाबाईनं दारात उभं राहून बी मागितलं होतं. झुंबरबाई म्हणाली, "माह्या मायचं बी हाय ते. ते घराबाहेर जात नाही."

"म्या का बाहेरची हाओ, बाई?"

"भिंत घातली ना मंग?"

भिंत पुरुषांनी घातली होती. बोलणं खाल्लं रुखमाबाईनं. ती तशीच माघारी गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं राहिलं. गाय सुटली, पाहुणे आले, इतकंच. एकीच्या घरचं दुसरीनं खाल्लं नाही.

आता नजरेची गोष्ट. एका सालात झुंबरबाईचा वाफा असा आला की मोटेवरचे बैलसुद्धा मान वळवून बघत असतील. उत्तमराव पाटील मळ्याच्या बांधावरून चालले होते, ते थांबले. "वयनी, असा वाफा उभ्या तालुक्यात नाही." माणूस भला, बोलला ते कौतुकानं. पण दुसऱ्या दिवशी तीन झाडांनी माना टाकल्या, आणि झुंबरबाईनं ओळखलं. पाटलाची दृष्ट. तिला पाटलाला बोलता येईना आणि स्वस्थही बसवेना.

मग तिला तोड सुचली. पोराची दृष्ट काढायला आपण काय ओवाळतो? मीठ, मोहऱ्या आणि लवंगी. जी लवंगी पोराची दृष्ट खाते ती वाफ्याची का खाणार नाही? लवंगीची रोपं तयारच होती. तिनं वाफ्याच्या चारी बाजूंनी हात-हात अंतरावर लवंगीची राखण लावली. पुंजाजीला म्हणाली, "आता कोणाची नजर लागते पाहू." पुंजाजीनं हूं केलं. मायचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण माय म्हणाली होती ती गोष्ट दुसऱ्या मिरचीच्या शेजाराची. हा शेजार थोडाच होता, हा तर पहारा होता. माणूस स्वतःला समजावायला बसला की कमी पडत नाही.

आणि खरंच, पुढं एकही झाड गेलं नाही. मिरची भरघोस आली, रंगाला, चवीला जशीच्या तशी. झुंबरबाई स्वतःच्या अकलेवर खूश. लवंगीवर आणि तिच्या वाफ्यावर दिवसभर मधमाशा गुणगुणायच्या, एका फुलावरून दुसऱ्यावर जायच्या. ती बघायची आणि म्हणायची, वाफ्याला बरकत आहे.

पुढच्या साली त्याच बियांची रोपं लावली. झाडं जोमात, पण काही झाडांची मिरची आखूड निघाली. खत कमी पडलं, झुंबरबाई म्हणाली. मिरची पिकली, धाब्यावर वाळली, फोडली, उरलेलं बी जाळलं. त्या साली गल्ली जरा जास्तच खोकली. कुटताना तिचाही घसा धरला. थंडी बाधली म्हणाली आणि ओवा चावला.

आता कोणी म्हणेल, एवढ्या नाकाच्या बाईनं तिखट जिभेवर ठेवून का नाही बघितलं? तर त्या गावात एक रीत होती. पौषात मारुतीपुढच्या अमराईत गावजेवण व्हायचं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तुपाचा मान पाटलाचा, वांग्यांचा मान माळ्यांच्या चार घरांचा आणि तिखटाचा मान झुंबरबाईचा. नव्या तिखटाचा पहिला डबा देवाच्या जेवणाला जायचा. तोवर घरात त्यातलं चिमूटभरसुद्धा कोणी तोंडात घालायचं नाही. झुंबरबाईनं ही रीत वीस वर्षं पाळली होती, आणि वीस वर्षं काही बिघडलं नव्हतं.

डबा अमराईत पोचला. मिरची हातावर देत नाहीत, भांडण होतं, म्हणून तो आचाऱ्यापुढं जमिनीवर ठेवला. आचारी दरसालचा. त्याचा हात झुंबरबाईच्या तिखटाला सरावलेला, म्हणजे सैल. दुसऱ्याचं तिखट असतं तर त्यानं वाटीनं घातलं असतं, हिचं होतं म्हणून ओंजळीनं घातलं. भाजी अशी लाल झाली की बघणाऱ्यानं बघत राहावं. त्या साली शेतकी खात्याचे कोणी साहेब नागपुराहून कपाशीच्या बियाण्याचं सांगायला आले होते, पाटलांनी त्यांनाही पंगतीला बसवलं.

पहिली पंगत पुरुषांची. रोडगा चुरला, तूप ओतलं, भाजी वाढली, सगळ्यांनी पहिला घास घेतला. आणि पंगत गप्प झाली.

देवाच्या जेवणाला नाव ठेवायचं नाही, हे प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेलं. पाटलांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ते म्हणाले, "भाजी बरी झाली." शेजारचा म्हणाला, "हाव, बरी झाली," आणि तूप मागितलं. त्याच्या शेजारच्यानंही तूप मागितलं. तूपवाढपी इकडून तिकडे पळू लागला. साहेबांनी घास गिळला, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि नुसता रोडगा गुळाशी खायला सुरुवात केली. शेवटी एका पोरानं ताटावरून उठून भोकाड पसरलं. मग कोणाला धीर राहिला नाही. ताकाच्या घागरी आल्या, गुळाची ढेप फुटली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जिभा बाहेर काढून वारा घेतला. पुढं कितीतरी दिवस गावात त्या पंगतीची नक्कल करून लोक हसत होते. मलाही हसू येतं, खोटं कशाला बोलू.

बायांची पंगत शेवटी. झुंबरबाईनं बोटाच्या टोकावर भाजी घेऊन जिभेला लावली. तिखट तर होतीच. पण तिला कळलं ते वेगळंच. त्या भाजीला तिच्या मायच्या घरचा वास नव्हता. होता, पण मागं कुठंतरी, दाराआडून बोलल्यासारखा. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. बायांना वाटलं तिखटानं, आणि तिनं तसं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी पाटील घरी आले. चिडलेले मुळीच नव्हते. म्हणाले, "वयनी, मनाले लावून घेऊ नोका. पुढच्या साली आपण मलकापूरहून तिखट मागवू. तुमालेबी तेवढाच तरास कमी." ते शिव्या देऊन गेले असते तर तिला बरं वाटलं असतं.

झुंबरबाई मळ्यात गेली. वाफ्यात शेवटच्या तोडीची मिरची होती. पहिल्या झाडाची एक मिरची तोडून तिनं चावली. मग दुसऱ्या झाडाची. पुंजाजी म्हणाला, "काय करून राह्यली व, मरशीन." ती ऐकेना. झाडामागून झाड, मध्ये गुळाचा खडा, घोटभर ताक, पुन्हा पुढचं झाड. एक झाड सौम्य, पुढचं जाळ, पुढची दोन सौम्य, नंतर पुन्हा जाळ. दुपारपर्यंत तिचे ओठ सुजले. आणि मग ती जाळ झाडांपुढं बसून नीट बघायला लागली. मिरची आखूड, साल पातळ, टोक अणकुचीदार. पोराच्या नाकाडोळ्यांवरून बाप ओळखावा तशी तिनं लवंगी ओळखली.

"शेजार," ती म्हणाली. "माय शेजार म्हणे, ते हे."

पुंजाजीला काही समजलं नाही. तो म्हणाला, "घरी चाल."

तिनं सौम्य झाडांना चिंध्या बांधल्या, त्यांचंच बी धरलं. लवंगी मुळासकट उपटून बांधापलीकडे फेकली. मनाशी म्हणाली, चूक झाली ती झाली, पुढच्या साली निस्तरेन. पण ती सौम्य झाडं जाळ झाडांच्या मांडीला मांडी लावून फुलली होती. पुढच्या कार्तिकात मिरची पिकली आणि तिनं पुन्हा झाडामागून झाड चावलं, तर पुन्हा तेच. आता कुठलं झाड खरं आणि कुठलं बाटलं याचा भरवसाच राहिला नाही. आधीच्या सालांचं चांगलं बी? ते तर दरसाल तिनं स्वतःच्या हातांनी चुलीत घातलं होतं. कोणाच्या हाती लागू नये म्हणून. लागलंही नव्हतं.

त्या दिवशी ती पुंजाजीपुढं पहिल्यांदा रडली. "माही माय दुसऱ्यांदा मेली," असं ती म्हणाली. पुंजाजीनं एवढंच केलं की गाडीला बैल जुंपले. "बीबीले जाय," तो म्हणाला. "तुह्या भावाकडं असन ना."

राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखलीपर्यंत पुंजाजीनं गाडीतून सोडलं, पुढं मोटार. झुंबरबाई तिसऱ्या दिवशी बीबीला पोचली. भाऊ इंद्रभाननं पाय धुवायला पाणी दिलं, भावजयीनं गूळ घालून चहा केला, तो तेव्हा नवा नवा घराघरांत शिरत होता. झुंबरबाईनं चहा हातात धरूनच विचारलं, "मायचा मिरचीचा वाफा?"

"अक्का, तो कवाच मोडला. तिथी कपाशीची पऱ्हाटी हाय आता."

"बी?"

इंद्रभाननं डोकं खाजवलं. "बाजारात भेटते ना तिखट. कुटत कोण बसते?"

ती दोन दिवस राहिली. शेजारपाजारच्या सगळ्या घरांत जाऊन आली. म्हाताऱ्या बायांना मिरची आठवत होती, तिचा रंग आठवत होता, तिची माय आठवत होती. बी कोणाकडं नव्हतं. मायनंही ते कोणाला दिलं नव्हतं. झुंबरबाईला हे ऐकून आईचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि परतीच्या सबंध वाटेत तो राग आईवरून निघून हळूहळू स्वतःकडे वळला.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. चूल थंड. पुंजाजी मळ्यातून यायचा होता. ती पदर न सावरता ओट्यावरच बसून राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून रुखमाबाई आली. तिच्या हातात झाकलेली वाटी आणि वर दोन भाकरी. तिनं ते ओट्यावर ठेवलं.

"परवासातून आली, खाऊन घे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

नको म्हणायचं झुंबरबाईच्या ओठांवर आलं होतं, पण भूक लागली होती आणि नको म्हणायचा जीवही राहिला नव्हता. तिनं झाकण काढलं. सोल्यांची भाजी होती, तुरीच्या ओल्या दाण्यांची, कुंकवासारखी लाल. वास आला आणि तिचा हात वाटीवरच थांबला. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. घास तिनं बराच वेळ चावला. सबंध दोन दिवस ती जे घाटावर शोधत हिंडली होती ते तिच्या तोंडात होतं.

"रुखमे," ती म्हणाली. "हे कुठून आणलं?"

रुखमाबाईचा चेहरा उतरला होता, पण ती मागं सरली नाही. "तुह्या धाब्यावरून. सहा सालं झाली. तू मळ्यात गेली होती. मूठभर उचलल्या म्या, लुगड्यात बांधल्या. मले राग आला होता, बाई. म्हटलं, मले बाहेरची म्हणते."

"आन् लावलं कुठी? म्या तर कधी पाह्यलं नाही."

"नाल्यापल्याड. तुरीच्या मधात. तुले दिसू नये म्हणून. रांधलं ते तू मळ्यात असली तवाच."

उरलेली भाजी झुंबरबाईनं शेवटच्या थेंबापर्यंत भाकरीनं पुसून खाल्ली. रुखमाबाई तिथंच उभी. तिला वाटत होतं आता तोंड सुटणार, गल्ली गोळा होणार, पुंजाजी येईल, आपला नवरा येईल, चोरटी म्हणून नाव पडेल. तेवढं सगळं समजून-उमजूनच तिनं ती वाटी आणली होती. या बाईच्या नाकापुढं ती भाजी ठेवणं म्हणजे आपणहून कबुली देणं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी तिनं आणली, कारण आठ दिवसांपूर्वी भिंतीपलीकडून तिनं झुंबरबाईचं रडणं ऐकलं होतं.

सकाळी दोघी नाल्यापलीकडे गेल्या. तूर डोक्याच्या वर गेली होती. तिच्या तासांमध्ये वाकून शिरलं की आत हातभर जागा मोकळी, आणि तिथं मिरचीची पंधरा-वीस झाडं. आसपास पाव कोसात दुसरी मिरची नाही. मधमाशांना तुरीशिवाय जायला ठिकाण नाही. झुंबरबाईनं पहिल्या झाडाची मिरची तोडली आणि चावली. दुसऱ्या झाडाची चावली. शेवटच्या झाडापर्यंत गेली. एकही जाळ निघालं नाही. शेवटच्या झाडाशी ती खाली बसली.

"म्या चोरी केली, बाई," रुखमाबाई मागून म्हणाली.

"बरं केलं," झुंबरबाई म्हणाली. "लय बरं केलं तुनं. म्या तर जाळलं असतं."

मग दोघींनी पिकलेली मिरची तोडायला घेतली. रुखमाबाईनं आपल्या पदरात भरलेली सगळी मिरची झुंबरबाईच्या ओटीत ओतली. "ने," ती म्हणाली. "तुह्या मायची हाय."

झुंबरबाईनं ओटीकडे बघितलं. त्यातली अर्धी तिनं ओंजळी-ओंजळीनं उपसून पुन्हा जावेच्या पदरात घातली. मिरची खाली ठेवावी, हातानं देऊ नये, हे त्या दोघींना तेव्हा आठवलं नाही, का आठवूनही चाललं, ते मला सांगता यायचं नाही.

"ही तुह्या घरी राहू दे," ती म्हणाली. "माह्या घरी असली की माहा भरवसा नाही."

रुखमाबाई हसली. झुंबरबाईही हसली, आणि हसता हसता तिनं विचारलं की तुरीत आणखी एखादा वाफा निघेल का, पाटलाच्या घरीही थोडं बी द्यायचं आहे.